उपग्रह सतत पडतच असतो: सोलापूरच्या गच्चीवर गुरुत्वाकर्षण आणि कक्षा समजून घेण्याचा क्रम

दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागातला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. सूत्रं पाठ होतात, उदाहरणं सुटतात, गुणही मिळतात. तरी "अंतराळ स्थानकात माणसं का तरंगतात?" असं विचारलं की बहुतेक मुलं सांगतात, "तिथं गुरुत्वाकर्षण नसतं." हे उत्तर साफ चूक आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटर उंचीवर फिरतं आणि त्या उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या सुमारे ८९ टक्के असते. मग माणसं तरंगतात का? स्थानक खाली कोसळत का नाही? या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. ते पाठ करू नका, स्वतः मोजत मोजत त्याच्यापर्यंत पोहोचा. त्यासाठीच हा क्रम लावला आहे. नववी-दहावीच्या मुलांनी तो क्रमानंच करावा, कारण प्रत्येक पायरीतला आकडा पुढच्या पायरीत लागतो.

सामान घरातलंच आहे: मजबूत दोरा, गवंड्याकडचा ओळंबा, एकसारखे दहाबारा लोखंडी नट, मीटरटेप, दोन एकसारखी नाणी, गोटी, पट्टी, स्टीलचं मोठं ताट, संपलेल्या बॉलपेनची नळी, खोडरबर, पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली आणि मोबाईल. एक वही फक्त आकड्यांसाठी ठेवा. त्यात खाडाखोड झाली तरी चालेल, पण जे मोजलं तेच लिहायचं. पुस्तकाशी जुळावं म्हणून आकडा बदलायचा नाही.

पायरी १: पडणं कानांनी ऐका

एका दोऱ्याला पाच नट बांधा. पहिला अगदी खालच्या टोकाला. पुढचे त्या टोकापासून १०, ४०, ९० आणि १६० सेंटिमीटरवर. जमिनीवर ताट उपडं ठेवा, खुर्चीवर उभे राहून दोरा असा धरा की पहिला नट ताटाला जेमतेम टेकेल. आता सोडा. टण, टण, टण, टण, चारही आवाज सारख्या अंतरानं येतील. मग दुसऱ्या दोऱ्याला ४०-४० सेंटिमीटरवर नट बांधून तेच करा. आता आवाज एकमेकांच्या जवळ सरकत जातील.

पहिल्या दोऱ्यावरची अंतरं पाहा: १०, मग त्याच्या ४ पट, ९ पट, १६ पट. वेळ दुप्पट झाला की पडण्याचं अंतर चौपट, वेळ तिप्पट झाला की नऊपट. गॅलिलिओनं हा नियम उतरत्या खाचेतून गोळा घरंगळवून शोधला होता. आपण तो कानांनी पकडला.

आता एक आकडा हवा. भिंतीवर जमिनीपासून १ मीटर २२ सेंटिमीटरवर खडूनं खूण करा, तिथून चेंडू सोडा आणि मोबाईलवर चित्रफीत घ्या. मोबाईल सेकंदाला ३० चौकटी टिपत असेल तर सोडल्यापासून जमिनीला लागेपर्यंत सुमारे १५ चौकटी जातात, म्हणजे अर्धा सेकंद. अर्ध्या सेकंदात १.२२ मीटर, तर पूर्ण सेकंदात त्याच्या चौपट, सुमारे ४.९ मीटर. हा आकडा वहीत चौकट करून लिहा: पहिल्या सेकंदात कुठलीही वस्तू सुमारे ४.९ मीटर पडते. हवेचा अडथळा नगण्य असेल तर लिंबू असो की दगड, आकडा तोच येतो.

पायरी २: सोलापूरचं गुरुत्व त्वरण मोजा

गुरुत्व त्वरण म्हणजे पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती मीटर प्रति सेकंदानं वाढतो तो आकडा. या पायरीला घाई करू नका, इथली अचूकता तुमच्या हातात आहे.

ओळंबा दाराच्या चौकटीला दोऱ्यानं टांगा. दोरा न ताणणारा हवा. यंत्रमागावरचं एकेरी सूत वापरलंत तर त्याचा पीळ सुटतो आणि ओळंबा स्वतःभोवती फिरत राहतो, म्हणून चांगला वळलेला दोरा घ्या. टांगल्या जागेपासून ओळंब्याच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर ठेवा. फक्त दोरा मोजून थांबू नका, ही चूक फार होते. पंखा बंद करा. ओळंबा बाजूला ओढून सोडा, पण दहा अंशांहून जास्त नको, म्हणजे एका मीटरच्या दोऱ्याला साधारण १५ सेंटिमीटर पुरे. ढकलायचा नाही, नुसता सोडायचा.

आता २० आंदोलनांचा वेळ मोजा. एक आंदोलन म्हणजे एक पूर्ण ये-जा. घड्याळ सुरू करताना "शून्य" म्हणा, "एक" नव्हे, नाहीतर १९ च आंदोलनं मोजली जातात. ओळंबा टोकाला असताना नव्हे, मधून एकाच दिशेनं जाताना मोजा, तिथं तो वेगात असल्यामुळे क्षण नेमका कळतो. असं पाच वेळा करून सरासरी काढा.

गुरुत्व त्वरण = ३९.४८ × लांबी ÷ (एका आंदोलनाचा काळ × तोच काळ). यातला ३९.४८ म्हणजे π (३.१४१६) च्या वर्गाची चौपट.

२० आंदोलनांना ४०.२ सेकंद लागले तर एका आंदोलनाचा काळ २.०१ सेकंद आणि उत्तर ९.७७ येतं. ४०.० लागले तर ९.८७. घड्याळात ०.२ सेकंदांची गफलत म्हणजे उत्तरात एक टक्क्याचा फरक. लांबीत एक सेंटिमीटर चुकला तरी तेवढाच फरक पडतो. तुमचं उत्तर ९.७ ते ९.९ च्या मध्ये आलं तर काम उत्तम झालं.

सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. या आकड्यांवरून इथलं गुरुत्व त्वरण ९.७८ च्या जवळ येतं. ध्रुवांवर ते ९.८३ असतं. पृथ्वी विषुववृत्ताशी फुगलेली आहे आणि स्वतःभोवती फिरते, म्हणून हा फरक. घरच्या ओळंब्यावर इतका बारीक फरक खात्रीनं पकडता येत नाही, पण तो खरा आहे.

पायरी ३: आडवा वेग आणि पडणं वेगवेगळं असतं

टेबलाच्या कडेवर पट्टी अशी ठेवा की तिचं एक टोक बाहेर येईल. त्या टोकावर एक नाणं ठेवा आणि दुसरं नाणं टेबलाच्या कडेला, पट्टीला खेटून. आता पट्टीला आडवी टिचकी द्या. कडेचं नाणं लांब उडेल आणि पट्टीवरचं जवळपास सरळ खाली पडेल. डोळे मिटून ऐका: दोघांचा आवाज एकच येतो. टिचकी हळू द्या नाहीतर जोरात, लांब जाणारं नाणं उशिरा पडत नाही.

मग गोटी टेबलावरून घरंगळवा, जमिनीवर रांगोळी पसरून ती कुठं पडते ते पाहा. टेबल ७५ सेंटिमीटर उंच असेल तर पडायला ०.३९ सेकंद लागतात. गोटी ६० सेंटिमीटर लांब पडली तर ६० भागिले ०.३९, म्हणजे तिचा वेग सेकंदाला सुमारे दीड मीटर. वेग वाढवला की अंतर वाढतं, पडण्याचा वेळ मात्र तोच राहतो.

पायरी ४: आठ किलोमीटर आणि पाच मीटर

या सगळ्या क्रमाचा गाभा इथं आहे. पायथागोरसचं प्रमेय येत असेल तर पुरे.

पृथ्वी गोल आहे, तिची त्रिज्या साधारण ६,४०० किलोमीटर. समजा सिद्धेश्वर मंदिरापासून पुणे रस्त्याच्या दिशेनं आठ किलोमीटरची अगदी सरळ रेषा काढली. जमिनीचे चढउतार सोडून द्या, पृथ्वी गुळगुळीत धरा. रेषा सरळ जाईल, जमीन मात्र तिच्याखालून वळत जाईल. आठ किलोमीटरवर रेषेखाली जमीन किती खाली गेली असेल?

काटकोन त्रिकोण काढा. एक बाजू ६,४००, दुसरी ८, आणि कर्ण ६,४०० अधिक जेवढी जमीन खाली गेली तेवढा. सोडवलंत की उत्तर येतं ६४ ÷ १२,८०० = ०.००५ किलोमीटर. म्हणजे ५ मीटर.

आता पहिल्या पायरीतला चौकटीतला आकडा काढा. वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते.

हे दोन आकडे शेजारी ठेवून थोडं थांबा. एखादा गोळा सेकंदाला आठ किलोमीटर या वेगानं आडवा फेकला तर एका सेकंदात तो पाच मीटर खाली पडेल. पण तेवढ्यात तो आठ किलोमीटर पुढं गेलेला असेल आणि तिथं जमीनही पाच मीटर खाली गेलेली असेल. गोळा पडला, तरी जमिनीपासूनचं त्याचं अंतर तेवढंच राहिलं. पुढच्या सेकंदाला पुन्हा तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. गोळा अखंड पडतोय आणि जमिनीला कधीच लागत नाही. कक्षा म्हणजे हीच. डोंगरावरच्या तोफेतून जास्त जास्त वेगानं गोळे डागण्याचा हा विचार न्यूटननं मांडला, तेव्हा एकही कृत्रिम उपग्रह नव्हता. पहिला उपग्रह, स्पुटनिक, ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोडला गेला.

नेमका वेग काढायचा तर ९.८ ला ६४,००,००० नं गुणा आणि वर्गमूळ घ्या. उत्तर सुमारे ७,९०० मीटर दर सेकंदाला. या वेगानं सोलापूर ते पुणे हे अडीचशे किलोमीटर ३२ सेकंदांत पार होतील आणि पृथ्वीला पूर्ण फेरी ८४ मिनिटांत होईल. जमिनीलगत हे शक्य नाही, कारण हवा अशा वस्तूला भाजून काढेल. म्हणून उपग्रह हवेच्या दाट थरांच्या वर नेतात.

यातून आणखी एक गैरसमज दूर होतो. रॉकेटचं मोठं काम उपग्रह वर नेणं हे नाही. ४०० किलोमीटर उंचीवर नेऊन नुसता सोडला तर तो दगडासारखा सरळ खाली येईल. एक किलो वस्तू तेवढी उंच न्यायला जी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे आठपट ऊर्जा तिला कक्षेतला आडवा वेग द्यायला लागते. प्रक्षेपणाची दृश्यं पुन्हा पाहा: रॉकेट सरळ वर उठतं आणि थोड्याच वेळात आडवं कलू लागतं. बहुतेक वेळा ते पूर्वेकडं कलतं, कारण पृथ्वीचं फिरणं त्या दिशेनं फुकटचा वेग देतं. आपलं सोलापूरसुद्धा या क्षणी पूर्वेकडं सेकंदाला सुमारे ४४३ मीटर वेगानं फिरत आहे.

पायरी ५: गोफण

हुरड्याच्या दिवसांत ज्वारीच्या शेतात माळ्यावरून पाखरं हाकताना गोफण फिरवलेली तुमच्या आजोबांनी तरी नक्की पाहिली असेल. गोफण फिरत असते तोवर दोरी दगडाला सतत आत, हाताकडं ओढत असते. एक पदर सुटला की दगड सरळ निघून जातो. लक्ष द्या, तो हातापासून थेट बाहेरच्या दिशेनं उडत नाही. ज्या दिशेला त्या क्षणी चालला होता त्याच दिशेला, वर्तुळाच्या स्पर्शिकेवरून जातो. पृथ्वीची ओढ ही उपग्रहाची दोरी आहे. तीच त्याचं अभिकेंद्री बल. ओढ नसती तर उपग्रह सरळ निघून गेला असता.

ही ओढ मोजायची असेल तर पेनच्या नळीतून दोरा ओवा. वरच्या टोकाला खोडरबर घट्ट बांधा, खालच्या टोकाला खोडरबराच्या चौपट वजनाचे नट. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन जुळवा. मोकळ्या मैदानात, आसपास कुणी नसताना, नळी धरून खोडरबर डोक्यावर फिरवा. नळीच्या तोंडापासून खोडरबरापर्यंतचा दोरा ५० सेंटिमीटर राहील असा वेग ठेवा. २० फेऱ्यांना सुमारे १४ सेकंद लागायला हवेत. नटांचं वजन चौपट केलं की त्याच लांबीला वेळ निम्मा, ७ सेकंद. ओढ चौपट झाली तर वेग दुप्पट लागतो, कारण अभिकेंद्री बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. फिरताना दोरा थोडा खाली झुकतो, पण त्यानं हिशेब बिघडत नाही. तिरप्या दोऱ्याचीच लांबी धरायची. नळीशी घर्षण असतं, म्हणून एखाद्या सेकंदाचा फरक मान्य करा.

पायरी ६: चंद्राचा हिशेब

न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताची ही कसोटी मला शाळेच्या गणितातलं सर्वांत देखणं पान वाटतं. कॅल्क्युलेटर घेतलात तर अर्ध्या तासाचं काम.

चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून ३,८४,००० किलोमीटरवर आहे, म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येच्या ६० पट. ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत असेल, तर तिथली ओढ ९.८ भागिले ३,६०० व्हायला हवी: ०.००२७२.

आता दुसऱ्या बाजूनं या. चंद्र २७.३ दिवसांत एक फेरी करतो. परीघ काढा, दिवसांचे सेकंद करा, भागा. वेग सेकंदाला सुमारे १,०२३ मीटर येतो. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूचं केंद्राकडचं त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले अंतर (अंतर मीटरमध्ये घ्या, इथं फार जण किलोमीटर घालून बसतात): ०.००२७३.

एक आकडा हातातून पडणाऱ्या वस्तूवरून काढला, दुसरा आकाशातल्या चंद्रावरून. दोन्ही जुळले. ओळंब्याला खाली ओढणारी आणि चंद्राला फिरवत ठेवणारी ओढ एकच आहे हे तुम्ही स्वतः सिद्ध केलंत. चंद्रसुद्धा पडतोच आहे, दर सेकंदाला सुमारे १.४ मिलिमीटर.

अंतर नेहमी पृथ्वीच्या केंद्रापासून मोजायचं, हे इथं पक्कं करा. अंतराळ स्थानकाची उंची ४००, पण केंद्रापासूनचं अंतर ६,८००. म्हणूनच तिथली ओढ फारशी कमी होत नाही, ८.७ उरते.

पायरी ७: मग माणसं तरंगतात का?

बाटलीला तळाशी बाजूनं एक भोक पाडा, बोटानं दाबून पाणी भरा, झाकण उघडं ठेवा. बोट काढलं की धार लागते. आता ती पहिल्या मजल्याच्या गच्चीवरून खाली सोडा. खाली कुणी नाही याची आधी खात्री करा आणि मित्राला मोबाईलवर संथ गतीची चित्रफीत घ्यायला सांगा. बाटली हातातून सुटल्याक्षणी धार थांबते. पाणी आणि बाटली एकाच त्वरणानं पडतात, त्यामुळे पाणी बाटलीला दाबत नाही. ओढ कुठंच गेलेली नाही, गेला तो दाब. याला मुक्तपतन म्हणतात.

अंतराळ स्थानक, त्यातली माणसं, त्यांचा पेन, पाण्याचा थेंब, सगळं एकत्र पडत असतं. पायाखालची फरशीही त्याच त्वरणानं पडते, म्हणून ती पायाला दाबत नाही. २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशू शुक्ला त्या स्थानकात राहून आले. त्या मोहिमेतली दृश्यं आता या नजरेनं पाहा. याचा अंश तुम्ही स्वतःही अनुभवला असेल: संक्रांतीच्या गड्डा यात्रेत होम मैदानावरच्या उंच पाळण्यात वरून खाली यायला लागताना पोटात जो खड्डा पडतो, तो बैठकीचा दाब कमी झाल्याचाच परिणाम.

पायरी ८: आकाशात पडताळा

अंतराळ स्थानक सोलापुरातून नुसत्या डोळ्यांनी दिसतं. सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयापूर्वी, आकाश निरभ्र असेल तेव्हा, न लुकलुकणारा तेजस्वी ठिपका पश्चिमेच्या बाजूनं पूर्वेकडं चार-सहा मिनिटांत आकाश ओलांडतो. कधी कधी अर्ध्यावरच विझतो, कारण तो पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो. वेळा नासाच्या 'स्पॉट द स्टेशन' या मोबाईल अ‍ॅपवर मिळतात. पावसाळा सोडून पाहा. एक फेरी सुमारे ९२ मिनिटांची, म्हणून त्याच संध्याकाळी दीड तासानं तो पुन्हा येऊ शकतो. पण तोवर तो सावलीत असतो आणि बहुधा दिसत नाही.

दुर्बीण मिळाली तर गुरूचे चार मोठे चंद्र रोज रात्री त्याच वेळी पाहून वहीत ठिपके काढा. गॅलिलिओनं जानेवारी १६१० मध्ये हेच केलं. त्यांचे परिभ्रमण काळ १.७७, ३.५५, ७.१५ आणि १६.६९ दिवस, तर गुरूपासूनची अंतरं ४.२२, ६.७१, १०.७० आणि १८.८३ लाख किलोमीटर. प्रत्येकासाठी काळाचा वर्ग भागिले अंतराचा घन काढा. चारही वेळा ०.०४१७ च्या आसपास येईल. केप्लरचा तिसरा नियम तो हाच.

आणि याच नियमानं घरावरच्या डिशचं गणित सुटतं. चंद्राला एका फेरीला साधारण २७ दिवस लागतात. ज्या उपग्रहाला एकच दिवस लागेल तो किती दूर असेल? २७ चं घनमूळ ३, त्याचा वर्ग ९. चंद्राचं अंतर भागिले ९: सुमारे ४२,७०० किलोमीटर, केंद्रापासून. त्यातून ६,४०० वजा करा, ३६,३०० राहतात. भूस्थिर उपग्रहांची खरी उंची ३५,७८६ किलोमीटर आहे. तोंडी हिशेबाला इतकी जवळीक पुष्कळ झाली.

असा उपग्रह विषुववृत्ताच्या वरच, आकाशात एका जागी थांबलेला दिसतो. सोलापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला, म्हणून गच्चीवरून पाहिलंत तर शेजारपाजारच्या सगळ्या डिश दक्षिणेच्या बाजूला तोंड करून आहेत. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि सोलापूर ७५.९ वर, त्यामुळे तो इथून आग्नेयेला, उत्तरेपासून सुमारे १३४ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ६१ अंश उंचीवर येतो. मोबाईलच्या होकायंत्रानं दिशा तपासा. डिश लोखंडी असते, म्हणून तिच्यापासून दोनतीन पावलं मागं उभं राहून मोजा. उंचीचा कोन मात्र डिशच्या तोंडावरून घेऊ नका. घरगुती डिशचा संकेत पकडणारा भाग (एलएनबी) मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे ती प्रत्यक्षाहून बरीच खाली पाहत असल्यासारखी दिसते आणि कोन वीसपंचवीस अंशांनी कमी भरतो. वहीत दिशेचा आकडा लिहा आणि शेजारी काढलेलं गणित.